धुके, कॅमेरा आणि शेजाऱ्याची तूर

मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे मराठवाड्याच्या पठारावर धुके उतरते, तेव्हा नित्य परिचयाची भूमी काही काळ अपरिचित होऊन जाते. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याचे वालूर हे गाव घ्या. भोवती काळ्या कसदार मातीचे शिवार, बांधांवर बाभळी आणि लिंब, शेतांत तूर, हरभरा, ज्वारी आणि कापसाच्या पऱ्हाट्या. येथे सह्याद्रीचे कडे नाहीत, सागराची गाज नाही. भर दुपारी या प्रदेशातून जाणारा प्रवासी 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' असे सहज विचारील. पण तोच प्रवासी हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे तेथे उभा राहिला तर त्याचा प्रश्न त्याच्या ओठांवरच विरून जाईल. बाभळीचे काटे दिसत नाहीत, केवळ तिचा आकार दिसतो. बैलगाडीची चाके दिसत नाहीत, घुंगरांचा नाद तेवढा ऐकू येतो. पूर्वेला सूर्य उगवतो तो तेजाचा गोळा म्हणून नव्हे, तर पवित्र भाकरीसारखा फिकट, शुभ्र आणि डोळ्यांना सोसवेल असा.

धुके म्हणजे काही अद्भुत नव्हे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री भूमी आपली दिवसभरची उष्णता आकाशाला परत करते, तिला लागून असलेली हवा थंडावते आणि त्या हवेतील बाष्प अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगू लागते. समोरचे एक किलोमीटरच्या आतलेच दिसू लागले की हवामानशास्त्रज्ञ त्याला धुके म्हणतात. आणि एवढा मोठा देखावा उभा करणारे पाणी तरी किती? साध्या धुक्याच्या एक घनमीटर हवेत पाण्याचा अंश ग्रॅमच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो. एक एकर शेतावर दहा मीटर उंचीचा धुक्याचा थर पसरला आहे असे समजा. ते सगळे पाणी गोळा केले तर जेमतेम चार ते आठ लीटर भरेल. एवढ्या पाण्याने एक घागरसुद्धा काठोकाठ भरणार नाही, पण तेवढ्याच पाण्यात एक सबंध गाव दिसेनासे होते.

या दृश्याने मोहित होऊन कॅमेरा उचलणाऱ्यांची संख्या आता पुष्कळ वाढली आहे. एके काळी ही कला राजेरजवाड्यांच्या आश्रयाने जगत होती. परभणीचा हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातील एक थोर नाव. जड लाकडी कॅमेरा, काचेच्या पट्ट्या आणि मदतनिसांचा लवाजमा घेऊन त्यांना फिरावे लागे. त्याही पूर्वी, १८२६-२७ च्या सुमारास, निसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थाने आपल्या घराच्या खिडकीतून जगातले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निसर्गछायाचित्र घेतले, तेव्हा प्रकाशाला त्या पत्र्यावर आपली खूण उमटवायला किमान आठ तास लागले असे मानले जाते. आज प्रत्येक घरात, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलेमुली नाताळाच्या सुटीत गावी येतात, पहाटे उठून शिवारात जातात, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत त्यांची शंभर-दोनशे चित्रे घेऊन झालेली असतात. तरुण पोरे अंथरूण सोडून सूर्योदयाला सामोरी जातात, ही गोष्ट कोणत्याही धर्मगुरूला आनंदच देईल.

पण याच धुक्याला आमचा शेतकरी 'धुई' म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना त्याच्या कपाळाला आठी पडते. तूर फुलोऱ्यात असताना धुई आली की फुले गळतात, आणि गळलेल्या फुलाची शेंग होत नाही. हवा ढगाळ आणि दमट राहिली की हरभऱ्यावर घाटेअळीचा जोर वाढतो, ज्वारीवर मावा व चिकटा पडतो, आंब्याच्या मोहोरावर भुरी आणि तुडतुडे येतात. सोयाबीन अतिवृष्टीने नेले तर वर्षाची सारी आशा तुरीवर असते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने केवढा पाऊस आणि केवढे पूर सोसले हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी हाती उरलेल्या तुरीवर धुई उतरते तेव्हा शेतकरी पहाटे उठून बांधावर काडीकचरा पेटवतो आणि शिवारात धूर करतो. तेवढाच एक जुना, गरिबाघरचा उपाय त्याच्या हाती असतो.

अशाच एका पहाटे एक वृद्ध शेतकरी आपल्या तुरीच्या कडेला धूर करीत होता. निळसर धूर पांढऱ्या धुक्यात मिसळत होता आणि त्या दोहोंच्या मध्ये खांद्यावर घोंगडी घेतलेली ती कृश आकृती उभी होती. एका हौशी तरुणाने त्याला 'काका, जरा असेच उभे राहा' अशी विनंती केली. वृद्ध मुकाट्याने उभा राहिला. चित्र घेऊन झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "दादा, फोटू बेस आला असंल. पर ही धुई आणिक दोन रोज ऱ्हायली, तर आमच्या तुरीचं मातेरं हाय बगा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या एका वाक्याने जो प्रश्न उभा केला, तो सौंदर्यशास्त्राचाही आहे आणि नीतिशास्त्राचाही. ज्या धुक्याने शेजाऱ्याच्या तोंडचा घास जातो, त्या धुक्याच्या सौंदर्यात मी आनंद मानावा काय?

या प्रश्नाचे एक उत्तर घाईने दिले जाते. मी आनंद मानला म्हणून तुरीची फुले अधिक गळत नाहीत, आणि मी डोळे मिटून घेतले म्हणून ती झाडावर टिकत नाहीत. मग माझ्या आनंदाने कोणाचे काय बिघडले? जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९० साली प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यविषयक ग्रंथात जवळजवळ हीच भूमिका मांडली आहे. त्यांचे उदाहरण राजवाड्याचे आहे. हा राजवाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले असता, गरिबांच्या घामाचा पैसा असल्या डौलावर उधळणाऱ्या सत्ताधीशांची निंदा एखादा करू लागेल. त्याची निंदा योग्यही असेल, परंतु तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, असे कांट म्हणतात. सौंदर्याचा निर्णय हा स्वार्थापासून, उपयोगापासून आणि हव्यासापासून मोकळा असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या विचारात सत्याचा मोठा अंश आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सौंदर्य हे सौंदर्यच असते. शेतकऱ्याच्या दुःखाने धुके कुरूप होत नाही. दुःखी माणसाविषयीची आपली सहानुभूती सिद्ध करण्यासाठी सृष्टीतल्या सुंदर गोष्टीला असुंदर म्हणणे हे असत्यच होईल, आणि असत्यावर उभी राहिलेली सहानुभूती फार काळ टिकत नाही. जुन्या करारातील ज्ञानग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्याला सांगतो की निर्मितीच्या भव्यतेवरून आणि सौंदर्यावरून निर्माणकर्त्याची ओळख पटते. मग ती ओळख पटविणारी वस्तू न पाहण्याचे व्रत ख्रिस्ती माणसाने का घ्यावे?

तरीही कांट यांच्या उत्तराने मन निवत नाही. याचे कारण असे की राजवाड्याकडे पाहणारा आणि राजवाडा ज्याच्या घामाने उभा राहिला तो, हे दोघे त्या उदाहरणात समोरासमोर येत नाहीत. आमच्या शिवारात ते समोरासमोर आहेत. धुक्यात उभा असलेला शेतकरी हा त्या चित्राचाच भाग आहे. त्याची घोंगडी, त्याचा धूर, त्याची वाकलेली पाठ यांमुळेच ते चित्र चांगले होते. ज्याच्या विवंचनेतून माझ्या चित्राला शोभा येते, त्याच्या विवंचनेशी माझा काही संबंध नाही, असे मला म्हणता येईल काय? आनंद मानणे हा अपराध नव्हे. त्या आनंदाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाविषयी उदासीन राहणे, येथे दोषाचा प्रारंभ होतो. आनंद आणि उदासीनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या एकाच घरात राहू लागतात आणि आपल्या लक्षातही येत नाही.

संत अगुस्तीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात डोळ्यांच्या मोहाचा फार बारकाईने विचार केला आहे. रंग आणि प्रकाश दिवसभर आपल्याशी लगट करीत असतात, असे त्यांना जाणवले. त्याच भागात आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. माणसे पर्वतांची शिखरे, सागराच्या लाटा आणि ताऱ्यांची गती पाहून थक्क व्हायला दूरदूर जातात, पण स्वतःच्या अंतःकरणापाशी मात्र थांबत नाहीत, असा त्यांचा आशय आहे. अगुस्तीन सृष्टीचे शत्रू नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की डोळा हा सेवक म्हणून उत्तम आहे, धनी म्हणून नाही. पाहण्याची भूक ही कधी न भागणारी भूक आहे. शंभर चित्रे घेतलेला माणूस एकशेएकावे चित्र घ्यायला धावतो, आणि या धावपळीत पहिल्या चित्रापुढे तो क्षणभरही थांबलेला नसतो.

आपली मराठी भाषा येथे फार उद्बोधक आहे. छायाचित्र आपण 'काढतो', 'घेतो' किंवा 'टिपतो'. काढणे आणि घेणे या दोन्ही क्रियापदांत काहीतरी आपल्याकडे ओढून आणण्याचा भाव आहे. विहिरीतून पाणी काढावे, दुकानातून वस्तू घ्यावी, तसे आपण समोरच्या दृश्यातून काहीतरी काढून घेतो. 'टिपणे' हा शब्द अधिक नम्र आहे. चिमणी दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. टिपणारा ओरबाडत नाही, पुढे होऊन जेवढे आहे तेवढे हळुवार उचलतो. आणि 'छायाचित्र' हा शब्द तर सर्वांहून प्रामाणिक आहे. वस्तू आपल्या हाती आलेली नाही, तिची केवळ छाया आली आहे, हे तो शब्द आपल्याला निक्षून सांगतो. धुके तर छायेचीही छाया. ते मुठीत येत नाही, शिंपल्यात राहत नाही, आणि ऊन चढले की त्याचा मागमूसही उरत नाही. होशेय संदेष्ट्याने इस्राएलच्या चंचल भक्तीला सकाळच्या ढगाची उपमा दिली, आणि संत याकोबाने आपल्या पत्रात मानवी जीवनालाच क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या वाफेची. जे मुळातच टिकणारे नाही ते कायमचे टिकवून ठेवण्याची माणसाची ही धडपड करुण आहे, आणि काहीशी गोडही आहे.

ही धडपड प्रभू येशूच्या शिष्यांनाही चुकली नव्हती. रूपांतराच्या पर्वतावर पेत्राने प्रभूचे तेजस्वी रूप पाहिले, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो तीन मंडप उभारण्याचा. हा क्षण येथेच थांबावा, तो आपल्यापाशी राहावा, ही ती इच्छा होती. त्या काळी कॅमेरा असता तर पेत्राने मंडपाऐवजी कदाचित तोच हाती घेतला असता! पण त्याचे बोलणे संपते न संपते तोच एका मेघाने त्यांना झाकून टाकले. पाहणे थांबले आणि ऐकणे सुरू झाले. जे दिसत होते ते दिसेनासे झाले, आणि पुत्राचे ऐका अशी आज्ञा त्या मेघातून आली.

मेघ आणि धुके यांना पवित्र शास्त्रात असे विलक्षण स्थान आहे. सीनाय पर्वत सहा दिवस मेघाने झाकलेला होता, आणि सातव्या दिवशी परमेश्वराने मोशेला मेघातून हाक मारली. चौथ्या शतकातील संत ग्रेगरी निस्सा यांनी मोशेच्या चरित्रावर चिंतन करताना दाखवून दिले की मोशेला देवाचे दर्शन प्रथम जळत्या झुडपाच्या प्रकाशात झाले, मग मेघात आणि शेवटी गडद अंधारात. आध्यात्मिक प्रवास हा कमी दिसण्यापासून अधिक दिसण्याकडे जातो, ही आपली साधी समजूत येथे उलटी होते. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका अनाम साधकाने लिहिलेल्या प्रार्थनाविषयक ग्रंथाचे नावही अज्ञानाच्या मेघावरूनच पडले आहे. देव आपल्या बुद्धीच्या पकडीत येत नाही, तो प्रेमालाच सापडतो, हे त्याचे सार.

येथे एक शंका उपस्थित होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थोमस अक्विनस यांनी सांगितलेली सौंदर्याची तीन लक्षणे पाठ केली होती : पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेजस्विता. धुक्यात तर वस्तू अपुरी दिसते, तिचे प्रमाण कळत नाही आणि तेजही झाकोळते. मग थोमस यांच्या कसोटीवर धुके सुंदर ठरावे तरी कसे?

याचे उत्तर धुक्यातच आहे. स्वच्छ हवेत आपल्याला प्रकाश दिसत नाही, प्रकाशाने उजळलेल्या वस्तू दिसतात. प्रकाश स्वतः मागे राहतो. पण हवेत धुके असले म्हणजे त्याचा प्रत्येक थेंब प्रकाशकिरणाला अडवतो आणि चहूकडे विखुरतो. हे थेंब प्रकाशाच्या सर्व रंगांना जवळपास सारखेच विखुरतात, म्हणूनच धुके पांढरे दिसते. बाभळीच्या फांद्यांतून किरणांच्या तिरप्या रेषा उतरताना दिसतात त्या धुक्यातच. एरवी अदृश्य असलेला प्रकाश धुक्यामुळे दृश्य होतो. म्हणजे तेजस्विता नाहीशी झालेली नसते. ती वस्तूंवरून निघून हवेत उतरलेली असते. नाताळच्या रहस्याशी याचे काही नाते आहे असे मला वाटते. कोणाही मानवाला ज्याच्याजवळ जाता येत नाही अशा प्रकाशात राहणारा परमेश्वर आपल्या दुर्बळ, विरून जाणाऱ्या देहाचा आश्रय घेऊन आपल्याला दिसू लागला. आगमनकाळाचे दिवस आणि आमच्या पठारावरील धुक्याचे दिवस एकत्रच येतात, हे आमचे भाग्यच म्हटले पाहिजे.

छायाचित्रकाराची शिस्तही आगमनकाळाला साजेशी आहे. धुक्यात स्वयंचलित कॅमेरा पुष्कळदा फसतो. त्याचा प्रकाशमापक समोरच्या पांढरेपणाला करड्या रंगाकडे ओढतो, म्हणून जाणकाराला त्याहून थोडा अधिक प्रकाश आत घ्यावा लागतो. केंद्र साधणारे यंत्र समोर ठळक कडा नसल्याने चाचपडत राहते. हवा दमट असताना यंत्रे भोवतीच्या हवेहून थंड झाली की भिंगावर दव धरते, आणि ते आपसूक जाईपर्यंत वाट पाहावी लागते. यंत्रावर विसंबू नये, घाई करू नये, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी जागा मोकळी ठेवावी, हे धडे ज्याने पहाटेच्या थंडीत गिरवले, त्याने प्रार्थनेची प्राथमिक इयत्ता ओलांडली असे मी म्हणेन.

आता पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. धुक्याचा आणखी एक गुण असा की ते झाकून टाकते. गावाबाहेरचा उकिरडा, विजेचे वाकलेले खांब, कुंपणाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, सारे धुक्याआड जाते आणि गाव स्वर्गासारखे दिसू लागते. झाकणे हे नेहमीच वाईट नसते. प्रीती पुष्कळ पापांवर पांघरूण घालते असे संत पेत्राच्या पत्रात आपण वाचतो. पण पांघरूण दोन प्रकारचे असते. आई आजारी मुलाच्या अंगावर पांघरूण घालते ते त्याची शुश्रूषा करण्यासाठी. आळशी माणूस घाणीवर पोते टाकतो ते ती काढावी लागू नये म्हणून. आपले सुंदर चित्र या दोहोंपैकी कोणते पांघरूण आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

वालूरनेच याचा उत्तम दाखला आपल्यापुढे ठेवला आहे. त्या गावात चक्राकार पायऱ्यांची एक प्राचीन बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता वर्तुळाकार वळण घेत पाण्यापर्यंत उतरतात. हिवाळ्यात विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेहून उबदार असते, आणि पहाटे अशा पाण्यावरून वाफ उठताना पाहणे हा एक अनुभव असतो. परंतु ही बारव कित्येक वर्षे गाळाने आणि केरकचऱ्याने भरलेली होती. त्या काळात पहाटेची कितीतरी धुकी तिच्यावरून गेली असतील, आणि त्या धुक्यांत ती बारव दुरून सुंदरही दिसली असेल. धुक्याने तिचा एक घमेलेभर गाळ उपसला नाही. तो उपसला अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांच्या श्रमदानाने. मग वरून टिपलेली तिची छायाचित्रे सर्वदूर गेली, आणि आपल्याच मातीत असा ठेवा आहे हे मराठवाड्यातल्या अनेकांना प्रथमच कळले. येथे हाताने आधी गाळ उपसला आणि मग कॅमेरा धरला. ते चित्र पांघरूण घालीत नाही. ते पाहणाऱ्याला आपल्या गावच्या बारवेची आठवण करून देते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत. पहिली अशी की जो सुंदर गोष्टीपुढे थांबून तिचे कौतुक करायला शिकला नाही, तो प्रत्येक वस्तूकडे वापरण्याची वस्तू म्हणून पाहू लागला तर नवल नाही. दुसरी अशी की वसुंधरेचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन्ही आपण ऐकले पाहिजेत. या परिपत्रकाचे नाव ज्या स्तोत्रावरून घेतले ते असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सुमारे १२२५ मध्ये रचले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि डोळ्यांना प्रकाश सोसवत नव्हता. ज्याला सूर्य पाहता येत नव्हता त्याने सूर्याला भाऊ म्हटले. सृष्टीचे स्तवन करण्यासाठी ती आपल्या मुठीत असावी लागत नाही, हे त्याहून स्पष्टपणे कोणी सांगावे?

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) यांच्या चिंतनात 'अवधान' या शब्दाला मोठे महत्त्व आहे. पूर्ण अवधान ही प्रार्थनाच होय, असे त्या मानीत. आणि शेजाऱ्यावरील प्रेमाचे सारसर्वस्व त्यांना एका साध्या प्रश्नात दिसे. दुःखी माणसाजवळ जाऊन, तुला काय सोसावे लागत आहे, असे खरोखर जाणून घेण्यासाठी विचारणे, हा तो प्रश्न. मला येथे गाठ सुटल्यासारखी वाटते. धुक्यातले दृश्य पाहण्यासाठी जे अवधान लागते, तेच अवधान शेतकऱ्याची विवंचना पाहण्यासाठी लागते. ती दोन वेगळी सामर्थ्ये नाहीत. ज्याचा डोळा धुक्यातील बाभळीची रेषा ओळखतो पण वृद्धाच्या कपाळावरची आठी ओळखत नाही, त्याने धुकेदेखील अर्धेच पाहिले आहे. म्हणून 'मी आनंद मानावा काय?' याचे उत्तर 'कमी पाहा' असे नसून 'शेवटपर्यंत पाहा' असे आहे.

रूपांतराच्या पर्वताखाली काय घडले ते आठवा. प्रभू आणि तिघे शिष्य मेघातून बाहेर आले, डोंगर उतरले, आणि पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलासाठी याचना करीत होता. शुभवर्तमानकारांनी या दोन घटना एकीमागे एक सांगितल्या आहेत. चित्रकार राफाएल यांनी तर त्या एकाच चित्रात आणल्या. १५२० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा हातात असलेले ते त्यांचे अखेरचे मोठे चित्र आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. वरच्या अर्ध्या भागात मेघ आणि तेज, खालच्या अर्ध्या भागात तो आजारी मुलगा आणि त्याची व्याकूळ माणसे. वरचा भाग खालच्या भागामुळे डागाळत नाही, आणि वरच्या तेजाने डोळे दिपले म्हणून खालचा मुलगा विसरला जात नाही. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीची चौकट एवढी मोठी असली पाहिजे.

म्हणून आपल्या घरांतील तरुणांना माझे सांगणे असे आहे. येत्या नाताळात गावी गेलात तर पहाटे अवश्य उठा. शिवारात गेल्यावर पहिली पाच मिनिटे कॅमेरा खिशातच राहू द्या आणि नुसते उभे राहा. कोणाच्या शेतात पाऊल टाकण्यापूर्वी त्याला विचारा, आणि कोणाचा चेहरा टिपण्यापूर्वी तर नक्कीच विचारा, कारण गरिबाचे दारिद्र्य ही आपल्या कौशल्याची सामग्री नव्हे. चित्र टिपून झाले की यंत्र खाली करा आणि 'काका, तूर कशी आहे?' एवढे विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. काडीकचरा गोळा करायला दोन हात कमी पडत असतील तर तुमचे द्या. पुढच्या खेपेला जाताना त्या माणसाच्या चित्राची एक प्रत छापून त्याच्या हाती ठेवा. जे घेतले ते परत करण्याची ही साधी रीत आहे. रस्त्याने जाताना धुक्यात उसाच्या गाड्या आणि ट्रॉल्या दिसत नाहीत, तेव्हा वाहन सावकाश हाका. एका सुंदर पहाटेपायी कोणाच्या घरी अंधार होऊ नये.

पालकांनाही एक विनंती. मुलाने मोबाइल पुढे करून 'आई, हे बघ' म्हटले, तर चित्र छान आहे एवढे म्हणून थांबू नका. हे शेत कोणाचे, तो माणूस कोण, त्याच्याशी काय बोललास, असे विचारा. सौंदर्य पाहण्याचे संस्कार आणि शेजारी पाहण्याचे संस्कार एकाच पाटावर बसून द्यायचे असतात.

साडेआठ-नऊच्या सुमारास ऊन चढते आणि धुके विरते. बाभळीचे काटे पुन्हा काटे होतात, उकिरडा पुन्हा उकिरडा होतो, आणि तुरीखाली गळून पडलेली पिवळी फुले स्पष्ट दिसू लागतात. त्या वेळी छायाचित्रकार बहुधा घरी परतलेला असतो, कारण आता टिपण्यासारखे काही उरलेले नाही असे त्याला वाटते. पण शेतकरी तेथेच असतो. वाकून एकेक फांदी पाहत तो किती फुले राहिली याचा अंदाज घेत असतो. परमेश्वराची दृष्टी धुके असतानाही त्या शिवारावर होती, आणि आता धुके नाहीसे झाल्यावरही ती तेथेच आहे. आपली दृष्टी तिच्यासारखी व्हावी, हीच आगमनकाळातली प्रार्थना असू द्या.